डोंगरवाटेवर सायकल: नव्यांना, विशेषतः बायकांना, पहिल्या राइडनंतर टिकवायचं कसं?

रानवाट

वहीत नोंद ठेवते म्हणून सांगू शकते. गेल्या तीन वर्षांत एकवीस जणींना मी त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या ट्रेलवर घेऊन गेले. त्यातल्या तेरा जणी अजून चालवतात. उरलेल्या आठ जणींना मी एकेक करून विचारलं, का थांबलीस? 'भीती वाटली म्हणून' असं एकीनेही सांगितलं नाही. भीती सगळ्यांनाच वाटली होती, टिकलेल्या तेरा जणींनाही. थांबलेल्यांची उत्तरं वेगळीच होती. 'सगळे माझ्यासाठी खोळंबायचे, जिवाला लागायचं.' 'हात इतके दुखले की दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडेना.' 'सायकल भावाची होती, जमिनीला पाय टेकायचे नाहीत.' 'काय चुकतंय ते कुणी सांगितलंच नाही, नुसतं घाबरू नकोस म्हणत राहिले.'

यातल्या एकाही गोष्टीचा धाडसाशी संबंध नाही. सगळ्या आधी निस्तरता येण्यासारख्या आहेत. हा धागा त्यासाठी.

माझी पहिली राइड वयाच्या ३९ व्या वर्षी झाली. उसनी सायकल, माझ्याहून चांगल्या वीतभर उंच माणसाची. सोबत सात जण, सगळे अनेक वर्षं चालवणारे, मनाने चांगले. चढावर मी मागे पडले की ते वरच्या फाट्यावर थांबत. मी धापा टाकत पोचले की कुणीतरी म्हणायचं, 'आली, चला!' आणि सगळे निघायचे. त्यांची पाच मिनिटं विश्रांती झालेली असायची, माझी शून्य. असं सहा वेळा झालं. म्हणजे त्या गटात सर्वांत कमी दम असलेल्या माणसाला अख्ख्या दिवसात विश्रांतीच मिळाली नाही, आणि दुपारी शेवटच्या उतारावर, पाय थरथरत असताना, मी पडले. कोपर फुटलं. मला वाटलं, हे आपलं काम नाही. पुढे सात महिने सायकलला हात लावला नाही.

परत आले ती एका मैत्रिणीमुळे. तिने मला पहिले दोन दिवस ट्रेलवर नेलंच नाही. मोकळ्या गवताच्या मैदानात नेलं. तिथे ब्रेक दाबायला शिकवलं, उभं राहायला शिकवलं, सीट खाली करून हळू वळायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी चार किलोमीटरची सोपी वाट. वर पोचल्यावर ती म्हणाली, 'आता तुझा श्वास नीट होईपर्यंत आपण कुठेही जात नाही.' इतक्या साध्या वाक्याने मला रडू आलं होतं.

म्हणून आता माझा एक नियम पक्का आहे: फाट्यावर शेवटचा माणूस पोचला की घड्याळ तिथून सुरू होतं. निघायचं कधी, हे तोच सांगणार. अनुभवी माणूस एक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे, आणि मागच्याने कधीही नव्या माणसाला ओलांडून जायचं नाही. राइड ठरवताना अंतर, एकूण चढ, लागणारा वेळ आणि वाटेची अवघडता आधी लिहून कळवायची. नुसतं 'सोपी आहे, या' म्हणू नका. ज्याला ती सोपी वाटते तो दहा वर्षं चालवतोय.

तुमचे अनुभव लिहा. ज्यांनी मध्येच सोडून दिलं त्यांनी तर जरूर लिहा.

नवशिकी

ताई, तुमचं ते बाटलीच्या झाकणाचं वाक्य वाचून थबकले. माझंही हेच झालं. दोनदा गेले आहे. चढ जमतो, उतारावर मात्र अंग लाकडासारखं होतं. बोटं ब्रेकवरून निघत नाहीत, मनगटं भरून येतात. मला सांगितलं होतं की उतारावर पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, नाहीतर डोक्यावरून पलटी होशील. म्हणून मी फक्त मागचा दाबून ठेवते, तर मागचं चाक घसरत जातं आणि मी अजूनच घाबरते. सायकल नवी आहे, मापाचीही आहे म्हणे. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो.

पाना_पकड

मी सायकल दुरुस्तीचं काम करतो, बरीच वर्षं झाली. नवशिकीताई, तुमच्या सायकलकडे आधी बघू, तुमच्याकडे नंतर.

ब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. बहुतेक सायकलींवर तो दोन किंवा अडीच मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरतो, काहींवर हाताने. त्याने लिव्हर हँडलच्या जवळ येतो. सायकल खोक्यातून येते तेव्हा तो मोठ्या पंजाच्या हिशोबाने लावलेला असतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या सायकलींपैकी फारच थोड्यांवर तो कुणी फिरवलेला दिसतो. लहान पंजाला लिव्हर गाठायला बोटं ताणावी लागतात, मग एका बोटाचं काम तीन बोटं करतात, आणि मूठ हँडलवरून सैल होते. हात दुखतात ते इथून. शिवाय लिव्हरचा क्लॅम्प सैल करून तो मुठीपासून थोडा आत सरकवा. तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वाकणावर पडली पाहिजे. डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं. उरलेली तीन बोटं आणि अंगठा हँडल धरण्यासाठी आहेत.

दुसरं, पुढचा शॉकअप, म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा काटा. हवेचा असेल तर त्यातली हवा तुमच्या वजनाप्रमाणे हवी. ७५-८० किलोच्या माणसासाठी भरलेली हवा ५२ किलोला दगडासारखी लागते. काट्याच्या नळीवर रबरी रिंग असते. ती खाली सरकवा, कुणालातरी सायकल धरायला सांगा, पेडलवर उभ्या राहा, न हिंदकळता उतरा. काट्याचा एकूण प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, १२० मिलिमीटर असेल तर रिंग २४-२५ मिलिमीटरवर सरकलेली दिसली पाहिजे. दहाच दिसली तर शॉक पंपाने हवा कमी करा. साधा पंप वापरू नका. हवा कमी केली की रिबाउंडही (दबलेला काटा परत वर येण्याचा वेग) थोडा जलद करायचा, नाहीतर लागोपाठच्या धक्क्यांत काटा परत वर यायला वेळच मिळत नाही.

टायरचंही तेच. ट्यूबलेस टायर असेल आणि रुंदी २.३ इंचाच्या आसपास असेल तर तुमच्या वजनाला पुढे २० आणि मागे २२-२३ पीएसआयपासून सुरुवात करून बघा. ट्यूब असेल तर दोन-तीन जास्त. दगडगोट्यांवर फुगलेलं टायर चेंडूसारखं उडतं, पकड धरत नाही.

हँडल ७८० मिलिमीटरचं असेल तर अरुंद खांद्यांना ते फाकल्यासारखं होतं. लगेच कापू नका. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्हीकडून दोन-दोन सेंटीमीटर आत घ्या, थोड्या राइड करा, बरं वाटलं तरच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

रानवाट

पाना_पकड दादा, हा प्रतिसाद मी छापून माझ्या पिशवीत ठेवणार आहे.

नवशिकी, पुढच्या ब्रेकबद्दल तुला सांगितलेलं चुकीचं आहे, आणि हा गैरसमज अतिशय नुकसान करतो. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. म्हणूनच तुझं मागचं चाक घसरतं. पलटी होते ती पुढचा ब्रेक एकदम गच्च आवळल्यामुळे, आणि त्या क्षणी हात ताठ, वजन पुढे असल्यामुळे. लिंबू पिळतो तसा हळूहळू दाब वाढवायचा, दोन्ही ब्रेक एकत्र.

हे मैदानात कर. एक खूण ठेव, चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगात ये, खुणेवर फक्त मागचा ब्रेक लाव आणि कुठे थांबलीस ते बघ. मग फक्त पुढचा, हळुवार. मग दोन्ही. अंतरातला फरक डोळ्यांनी दिसला की बोटांना तो कळतो, नुसतं सांगून कळत नाही.

आता अंग. उतारावर दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे-कोपरं वाकलेली आणि बाहेर, कंबरेतून वाकून छाती थोडी खाली. सीट आधीच खाली केलेली असावी. ड्रॉपर पोस्ट (चालवताना बटण दाबून सीट खाली-वर करता येणारा दांडा) असेल तर उत्तमच, नसेल तर उताराआधी थांबून हाताने कर, त्यात काही कमीपणा नाही. भार सगळा तळपायांवर, हातांवर नाही. 'मागे हो, मागे हो' असं ओरडणारे भेटतील. थोडं मागे ठीक, पण सीटच्या पार मागे लोंबकळलीस तर पुढच्या चाकावर वजनच उरत नाही आणि सायकल वळत नाही. आणि नजर चाकापुढच्या दगडावर नको, तीन-चार सायकलींच्या लांबीइतकी पुढे. दगडाकडे बघत राहिलं की सायकल दगडावरच जाते.

कातळ

लिहू की नको असं झालं होतं, पण धागाच असा आहे म्हणून लिहितो. मी बायकोला शिकवायला गेलो आणि तिचं मन मोडून बसलो. तिला माझ्या आवडत्या वाटेवर नेलं, कारण मला ती वाट तिला दाखवायची होती. अवघड जागा आली की मी आधी उतरायचो आणि खालून सांगायचो, 'काही नाही गं, सोड ब्रेक, येशील.' ती उभी राहायची, मी परत तेच. तिसऱ्या वेळी तिने सायकल आडवी टाकली आणि चालत खाली आली. चारेक वर्षं झाली.

आत्ता हे सगळं वाचून लक्षात येतंय की तिला मी 'कर' म्हणत होतो, 'कसं कर' हे एकदाही सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मी पडत-उठत शिकलो, लहानपणापासून. आता काय करावं?

रानवाट

कातळ, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तुम्ही शिकवू नका. तिला आवडलेल्या कुणा दुसऱ्या व्यक्तीकडून, शक्य असेल तर बायकांच्या गटात, शिकू दे. नवऱ्यापुढे 'मला जमत नाहीये' म्हणताना घरातल्या शंभर गोष्टी मध्ये येतात. अनोळखी शिक्षिकेपुढे ते फक्त सायकलबद्दलचं वाक्य असतं. आणि तिच्याशी हे बोललात का, जे इथे लिहिलंत ते?

चढउतार

मुद्दाम विरोध म्हणून नाही, खरंच पडलेला प्रश्न आहे. मी बाई आहे, शर्यतीही करते. मला कायम मिश्र गटात शिकायला मिळालं आणि वेगवान पुरुषांच्या मागे राहूनच माझा वेग वाढला. 'फक्त बायकांसाठी' राइड काढून आपण 'बायकांना वेगळं, सोपं काहीतरी लागतं' हेच तर ठसवत नाही का? दगडाला काही कळत नाही की वर कोण बसलंय.

रानवाट

चढउतार, प्रश्न रास्त आहे आणि मी तो बरेच दिवस घोळवलाय.

या खेळाचा इतिहास बघितला तर बायका त्यात सुरुवातीपासून आहेत. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. तीन किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आणि त्यात सुमारे चारशे मीटरचा उतार. मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग होत्या, तशाच जुनाट, वीस किलोंच्या आसपासच्या सायकलवर, आणि वर सगळ्यांचे फोटो काढत. त्या काळाचं जे काही आज आपल्याला दिसतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या कॅमेऱ्यातून. पुढे जॅकी फेलन १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या.

ऑलिम्पिकचंही बघा. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत पुरुष १८९६ पासून, बायकांना पहिली संधी १९८४ मध्ये. मधली ८८ वर्षं कोरडी. माउंटन बाइकिंग मात्र १९९६ ला अटलांटात आलं ते दोघांसाठी एकदमच, आणि इटलीच्या पाओला पेझो यांनी बायकांचं पहिलं सुवर्ण घेतलं. २००० मध्ये सिडनीतही त्यांनीच. तेव्हा दगडाला कळत नाही हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण याच जॅकी फेलन यांनी, म्हणजे पुरुषांच्या बरोबरीने सायकल हाकणाऱ्या बाईनेच, ऐंशीच्या दशकात खास बायकांसाठी 'विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी' काढली. नावातच चहा आहे. आपण जिंकतोय पण मागून कुणी येत नाहीये, हे ज्याला दिसतं तो वेगळं दार उघडतो. मला बायकांच्या राइड सोप्या करायच्या नाहीत. तिथे प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही, एवढ्यासाठी त्या हव्यात. गेल्या वर्षीच्या माझ्या गटातल्या दोघी आता मिश्र गटात जातात, आणि एकीला तर मी गाठूच शकत नाही. दार एकच असावं असा आग्रह कशाला?

चढउतार

पटलं, बरंचसं. मागून कुणी येत नाही हे मलाही दिसतं. शर्यतीला माझ्या वयोगटात कधी कधी आम्ही तिघीच असतो. एखाद्या राइडला मागचा माणूस म्हणून मी येऊ का? पुढे राहायची सवय आहे, मागे राहणं शिकावं लागेल.

संथ_चाक

माझं वय ५८. दोन वर्षांपूर्वी सुरू केलं. एक गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे: उतरून चालणं हाही सायकलिंगचाच भाग आहे. माझ्या नेहमीच्या वाटेवर एक खडकाची पायरी आहे. पहिले पाच महिने मी तिथे उतरत होते. दरवेळी सायकल बाजूला ठेवून पायरीपाशी उभी राहायचे, चाक कुठून गेलं तर बरं ते बघायचे, मग चालत खाली. कुणी घाई केली नाही. एके दिवशी आपोआप गेले. आधी ठरवलंही नव्हतं.

हाडांची चिंता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं. गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि नीट बसणारं हेल्मेट यांशिवाय मी घराबाहेर पडत नाही. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं.

सावली

इथे विचारलेलं चालेल ना? सीटचा त्रास. अर्ध्या तासात असं दुखतं, चोळवटतं की पुढे नको वाटतं. आणि पाळीच्या दिवसांत काय करता?

रानवाट

इथेच विचारायचं. याच प्रश्नांसाठी तर हे हवं.

पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची. हे कुणीच सांगत नाही आणि मग शिवणी घासतात. त्यावर सैल शॉर्ट घाल. चोळवटतं तिथे आधीच शॅमी क्रीम लाव. सीटची रुंदी आपल्या बसण्याच्या हाडांच्या अंतरावर ठरते, मऊपणावर नाही. जाड मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब भलतीकडे येतो. पुढचं टोक किंचित, अगदी एक-दोन अंश, खाली करून बघ. मध्ये खाच असलेली सीट बऱ्याच जणींना सोसते. ट्रेलवर तसंही सारखं बसून राहायचं नसतं.

पाळीत मी कप वापरते, काही जणी टॅम्पॉन. पॅड सीटवर घासतो असा आमच्यातल्या बहुतेकींचा अनुभव. दुखत असेल त्या दिवशी राइड रद्द करणं हे पूर्णपणे वैध कारण आहे, आमच्या गटात कुणी खुलासा मागत नाही. आणि घट्ट स्पोर्ट्स ब्रा, कारण शॉकअप सायकलला आहे, आपल्याला नाही.

लेकीची_आई

मुलगी अकरा वर्षांची. शिबिरात नऊ मुलगे आणि ही एकटी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'मला नाही जायचं.' सायकल तिला मनापासून आवडते हो.

चढउतार

एक मैत्रीण जोडून द्या तिला, एक पुरते. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ली आणि साब्रा डेव्हिसन या बहिणींनी २००७ मध्ये 'लिटल बेलाज' हा उपक्रम अँजेला अर्विन यांच्यासोबत सुरू केला, तो याच कारणासाठी: मुलींनी मुलींसोबत, मोठ्या ताईच्या सोबतीने सायकल चालवावी, शर्यतीचं दडपण नको. ली स्वतः दोन ऑलिम्पिक खेळल्या आहेत. तुमच्या मुलीला माझ्यासोबत पाठवलंत तर मला फार आवडेल. तुम्हीही या, हवं तर चालत.

नवशिकी

काल गेले होते. लिव्हर आत घेतले, काट्यातली हवा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी केली, तेव्हा कुठे रिंग २३ वर आली. एवढ्या दिवसांत मी काय चालवत होते कोण जाणे. आधी एक तास मैदानात ब्रेक. खुणेपासून थांबण्याचं अंतर दोन्ही ब्रेकने जवळजवळ निम्म्यावर आलं, मी पावलांनी मोजलं.

मग हिरव्या खुणेची, म्हणजे सोपी वाट, चार किलोमीटर. हात दुखले नाहीत! दोन ठिकाणी उतरून चालले, संथ_चाक ताईंची आठवण काढत. शेवटच्या उतारावर मात्र झाडाची मुळं आहेत, वाटेला तिरपी, आणि सकाळी ओली होती. पुढचं चाक त्यावरून असं सटकलं की एक पाय टेकावा लागला. पडले नाही. तिथे काय करायचं?

पाना_पकड

तिरप्या ओल्या मुळावर चाक शक्यतो काटकोनात न्यायचं, आणि मुळावर असताना ब्रेक अजिबात नको. वेग आधीच कमी करा, मुळाच्या हातभर अलीकडे ब्रेक सोडा, पार झालात की परत धरा. हँडलही त्या क्षणी वळवायचं नाही. वाट ओली असेल तर पुढे २० ऐवजी १९ पीएसआय करून बघा, पण रिम आपटायला लागली तर परत वाढवा.

कातळ

बायकोने हा धागा वाचला. बोललो तिच्याशी, जे इथे लिहिलं होतं ते. रविवारच्या राइडला तिचं नाव लिहा, माझं नको. उंची पाच फूट तीन इंच, सायकल लागेल. लिव्हर मी आदल्या दिवशी येऊन आत घेऊन देतो.

रानवाट

लिहिलं. सायकल माझी दुसरी आहे, मापात बसेल. मैदानात साडेसहाला, ट्रेल साडेआठनंतर. चढउतार मागे असेल. तिचं वजन तेवढं तिला मला कळवायला सांगा, काट्यात हवा भरून ठेवते.